आमच्या घरी सिग्नल येत नाही

पुंडलिकभाऊ धोटे माणसाला चेहऱ्यानं ओळखत नाहीत, छतानं ओळखतात. तुम्ही त्यांच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा, नाव सांगा, गाव सांगा, ते ओशाळल्यासारखे हसत राहतील. पण "आमच्या छतावर एक तुटकी खाट पडली आहे," एवढं म्हणा, की त्यांचा चेहरा उजळतो. "अरे हो! खाटवाले! मंग असं सांगा ना बापा!"

मग ते खाटेचा कोणता पाय तुटला आहे, तिच्याखाली मांजर कधी व्यायली आणि तुमच्या कठड्याला कुठे तडा गेला आहे, हे तुम्हालाच समजावून सांगतात. तुमचं नाव ते पुन्हा विसरलेले असतात.

जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यात आमच्याच ओळीत ते राहतात. आधी धोट्यांचं घर, मग पापडवाल्यांचं, मग आमचं, मग टाकीवाल्यांचं. पापडवाले म्हणजे खरं तर जोशी आणि टाकीवाले म्हणजे मिश्रा. पण इतकी वर्षं धोट्यांच्या शेजारी राहिल्यावर मीसुद्धा एकदा लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. टाकीवाले' असं लिहून बसलो होतो.

चालताना त्यांची मान वर असते. त्यामुळे घमापुरातल्या बहुतेक नाल्यांत ते एकदा तरी उतरलेले आहेत. देवळात गेले तर मूर्तीच्या आधी कळस पाहतात. कोणी वारलं, तर अंत्ययात्रेत शेजारच्याला हळूच सांगतात, "बिचाऱ्याचं छत मोठं मजबूत होतं." लग्नाच्या वयात सौंसरला मुलगी पाहायला गेले होते. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाले, "कौलारू." तो योग काही जुळला नाही. पुढेही कुठे जुळला नाही. आई गेल्यापासून ते एकटेच असतात.

आधी ते अँटेना लावायचे. वाऱ्यानं कोणाची अँटेना फिरली, की पुंडलिकभाऊ वर चढायचे आणि ओरडायचे, "आलं काय?" खालून अख्खं घर ओरडायचं, "नाही आलं!" त्यांची नजर कायमची वर लागली ती तेव्हापासून. कशावरही मत विचारा, ते म्हणतात, "बड्डे, वरून पाहून घे." जबलपुरात मित्रापासून रिक्षावाल्यापर्यंत कोणालाही बड्डे म्हणतात. नळावरचं भांडण असो की भावाभावांच्या वाटण्या, त्यांचा सल्ला एकच: "वरून पाहून घे."

अशा या माणसाचा मी पूर्ण चार वर्षं हेवा केला. ते इथे प्रामाणिकपणे लिहून टाकतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. राज्यांची फेररचना झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, आणि बाबा मात्र जबलपूरच्या कारखान्यात खराद, म्हणजे लेथ, चालवत इकडेच राहिले. ते चौथी शिकलेले. मला त्यांनी आजोळी, पांढुर्ण्याला, शाळेत ठेवलं आणि कॉलेजसाठी इथे आणलं. कॉलेजात असताना मी पहाटे छतावर बसून वाचायचो. पहिल्या पाळीला जाण्याआधी बाबा स्वतः चहा करायचे, कप घेऊन जिना चढायचे, कप कठड्यावर ठेवायचे आणि मला त्रास नको म्हणून न बोलता उतरायचे. फिजिक्स घेऊन मी बी. एस्सी. झालो तो त्या चहावर. हे मी कधी विसरलो नाही.

पण निकाल लागला त्या दिवशी एक गोष्ट झाली. बाबांनी पेपर दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही पास झाले."

त्या दिवसापासून मी घरात 'तुम्ही' झालो. "तुम्ही जेवले का?" "तुमचा डबा भरला आहे." राइट टाउनमध्ये सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो, तेव्हा तर ते मी आल्यावर खुर्चीवरून उठू लागले. मी म्हणायचो, "बाबा, बसा ना." ते म्हणायचे, "नाही, नाही. तुम्ही थकून आले."

आता पुंडलिकभाऊंच्या धंद्याकडे वळतो.

घरोघर रंगीत टीव्ही येऊ लागले होते. शहरात कुठे कुठे केबल सुरू झाली होती. एका रविवारी पुंडलिकभाऊ आमच्याकडे आले, बाबांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "बड्डे, मी केबल टाकून राहिलो. डिश एक, कंट्रोल रूम माझ्या छतावर, अन् वायर साऱ्या मोहल्ल्यात. तू शिकलेला आहे. प्लॅन बनवून दे."

'शिकलेला आहे' हे ऐकून मी विरघळलो. पंधरा दिवस कार्यालयातून आल्यावर मी गल्ल्या पावलांनी मोजल्या. आलेख-कागदावर नकाशा काढला. उद्दिष्टे, व्याप्ती, टप्पे, अडचणी व उपाय असे चौदा पानांचे काम झाले. समास सोडला. अनुक्रमणिकाही केली. पुंडलिकभाऊंनी नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"यात छतं कुठं आहेत?"

"छतं कशाला? हे रस्ते आहेत. ही मुख्य गल्ली, ही उपगल्ली..."

"अच्छा." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "पण बड्डे, वायर काय रस्त्यानं चालून राहिली का?"

आतून बाबांच्या खोकण्याचा आवाज आला. ते हसू दाबत होते हे मला कळलं.

तरी मी माघार घेतली नाही. वायर न्यायची तर घरोघरची परवानगी लागणार, म्हणून मी हिंदीतून एक विनंतीपत्रही लिहिलं होतं. 'माननीय गृहस्वामी, आपके भवन की ऊर्ध्व सतह से तार-वहन की अनुमति...' अशी त्याची सुरुवात होती. तीन घरी वाचून दाखवलं. दोघांनी दार लावलं. तिसरे म्हणाले, "बेटा, हमने तो कोई मुकदमा किया ही नहीं."

पुंडलिकभाऊंनी परवानगी मागितलीच नाही. ते नुसते छतावर चढले. कोणाची कपड्यांची दोरी सैल होती, ती ताणून दिली. कोणाच्या टाकीचं झाकण उडालं होतं, त्यावर दगड ठेवला. कोणाच्या पन्हाळीत अडकलेला चेंडू काढला. उतरताना म्हणायचे, "चलो भाभीजी, झालं. इथून एक वायर जाईल." भाभीजी म्हणायच्या, "जाने दो भैया."

राइट टाउनमध्ये मात्र ते एकदा अडकले. एका वकीलसाहेबांच्या बंगल्याकडे ते अर्धा तास मान वर करून पाहत होते. वकीलसाहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि चोर म्हणून त्यांनी आरडाओरडा सुरू केला. पुंडलिकभाऊ शांतपणे म्हणाले, "साहब, आपकी टंकी का ढक्कन खुला है। अंदर कबूतर गिरा है। दो दिन हो गए होंगे।"

वकीलसाहेबांनी आधी टाकीकडे पाहिलं आणि मग हातातल्या चहाकडे. राइट टाउनमधलं पहिलं कनेक्शन त्यांनी घेतलं.

धंद्यात मला त्यांनी भागीदार व्हायला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, हा नियम मी त्यांना क्रमांकासह वाचून दाखवला. खरं कारण नियमाचं नव्हतं. मला भीती वाटली होती. पुंडलिकभाऊ वाईट न वाटता म्हणाले, "चलो, काही नाही." पुढे एकदा मी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये डोकावलो तेव्हा माझी चौदा पानं दिसली. व्हीसीआरचा एक पाय मोडला होता, त्याखाली होती. "तुझ्या प्लॅनवर मशीन एकदम सरळ चालून राहिली," ते कौतुकानं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

बघता बघता धोटे भैया मोठे झाले. वायर पुढे नेताना काही घरांनंतर सिग्नल वाढवणारा एक बूस्टर बसवावा लागतो. त्याला वीज ज्या घराची, त्या घराला कनेक्शन फुकट. त्या डब्यासाठी शहाणीसुरती माणसं भांडू लागली. "उनके यहाँ बूस्टर है," असं लोक एकमेकांबद्दल अशा सुरात सांगत, की जणू त्या घरात कोणी कलेक्टर झाला आहे. आधी मोहल्ल्यात कोणाला फॉर्म भरायचा असला की "ग्रॅज्युएट कुठे आहे?" अशी माझी शोधाशोध व्हायची. आता गल्लीत एकच हाक ऐकू यायची, "धोटे भैया, हमारे यहाँ नहीं आ रहा!"

आमच्या कार्यालयात मोठे साहेब बदलून आले. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांची ओळख करून घेतली. मी माझं नाव, पदवी, विषय सांगितला. साहेब फाईल पाहत होते. मी म्हणालो, घमापुरात राहतो. साहेबांनी मान वर केली. "घमापुर? वो धोटे केबल वाला आपके उधर ही है ना?" पूर्ण नोकरीत साहेबांनी मला स्वतःहून खुर्ची दिली ती त्या एका दिवशी.

माझी पत्नी सुनंदा हिनंसुद्धा सोडलं नाही. "धोटे भैयांनी मिश्रांकडे आज कनेक्शन दिलं. धोटे भैयांनी जोशींकडेही दिलं. आपल्याकडे कधी देतील हो?"

खरी गोम इथेच होती. आमच्याकडे वायर आली नाही.

ज्या दिवशी आमच्या ओळीत वायर पडणार होती, त्या दिवशी मी रजा काढली होती. इस्त्रीचा सदरा घातला होता. पुंडलिकभाऊ परवानगी मागायला येतील, मी जरा विचारात पडल्यासारखं करीन आणि मग मोठ्या मनानं हो म्हणेन, असं ठरवलं होतं. ते आलेच नाहीत. त्यांच्या छतावरून वायर पापडवाल्यांच्या छतावर आली. आमचं छत पुढेच होतं, दोन हातांवर. तिथून ती वळली, गल्ली ओलांडून समोर गेली, समोरच्या तीन छतांवरून फिरली, पुन्हा गल्ली ओलांडून टाकीवाल्यांकडे उतरली आणि पुढे गेली. मी इस्त्रीच्या सदऱ्यात कठड्याशी उभा होतो.

मी जाऊन विचारलं, "पुंडलिकभाऊ, आम्हाला काहून नाही?"

ते खाली वायर सोलत होते. "तुमच्या घरी सिग्नल येत नाही, बड्डे."

"असं कसं होईल? डाव्या घरी येतो, उजव्या घरी येतो. मी फिजिक्स शिकलोय. सिग्नल वायरीतून जातो. वायर आणली की येईल."

"फिजिक्समध्ये येते," ते म्हणाले, "घमापुरात नाही येत."

मी समजून गेलो. भागीदारीला नाही म्हणालो, त्याचा राग. चार वर्षं मी हेच धरून चाललो.

हेसुद्धा मी गिळलं असतं. पण बाबा तिकडे जाऊ लागले.

बाबा आता निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी पाच वाजता टोपी घालून ते धोट्यांच्या जिन्यानं वर जात आणि जेवणाच्या वेळेला परत येत. छतावरच्या त्या पत्र्याच्या कंट्रोल रूममध्ये पुंडलिकभाऊंनी त्यांच्यासाठी वेताची खुर्ची आणून ठेवली होती, वर उशी. बाबा तिथे बसून कुस्त्या पाहत, भजनं ऐकत. पण माझं दुःख कुस्त्यांचं नव्हतं. मी त्या वर्षी खात्याच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होतो. संध्याकाळी पुस्तक घेऊन आमच्या छतावर बसायचो. सदतिसावं पान उघडायचो. आणि पापडवाल्यांच्या छतापलीकडून बाबांचा आवाज यायचा, पुंडलिकभाऊंवर ओरडणारा:

"अरे गधा! ते बटण नाही, बाजूचं! किती वेळा सांगू तुले, गधा कुठला!"

आणि मग बाबांचं हसणं. पोट धरून, खोकला येईपर्यंत. माझ्याशी बोलताना बाबा कधी असे हसले नव्हते. निदान निकाल लागल्यापासून तरी नाहीच.

खरं सांगतो, पदवी घेतलेल्या चौतीस वर्षांच्या माणसाला, दोन मुलांच्या बापाला, कोणी दुसऱ्याला गधा म्हणतं याचा हेवा वाटू शकतो. मी प्रयत्न करून पाहिला. एकदा मुद्दाम भाजीत दोनदा मीठ घेतलं. बाबा म्हणाले, "तुमचं लक्ष नव्हतं." एकदा त्यांची छत्री कार्यालयात विसरून आलो. म्हणाले, "तुम्हाला किती कामं असतात." मी हरलो. सदतिसावं पान तिथेच राहिलं आणि त्या वर्षीही मी परीक्षेत नापास झालो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी आंधी आली. जबलपूरच्या आंधीत पत्रे पाखरांसारखे उडतात. पुंडलिकभाऊ डिशला मिठी मारून बसले होते, हे पापडवाल्यांच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं. डिश वाचली. उतरताना ते जिन्यावरून घसरले. त्यातच समोरच्या कडुनिंबाची फांदी पडली आणि गल्लीवरची वायर तुटली. टाकीवाल्यांपासून पुढचा सगळा मोहल्ला बंद पडला. संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती. गल्लीत माणसं जमू लागली.

बाबा माझ्याकडे आले. टोपी हातात होती. "पुंड्याचा पाय मुरगळला. तुम्हाला वेळ असेल, तर..."

मी चप्पल घातली.

पुंडलिकभाऊ कंट्रोल रूममध्ये खाटेवर पडले होते, पाय उशीवर. वेताची खुर्ची तशीच राखलेली होती, तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. म्हणाले, "बड्डे, भिंतीवरची वही काढ. तुटलेलं कुठं आहे, ते तुले त्यात दिसेल."

ती त्यांची नकाशाची वही होती. त्यात रस्ता नव्हता, नाव नव्हतं, घराचा नंबर नव्हता. फक्त छतं होती, वरून पाहिलेली, शिसपेन्सिलनं काढलेली. एका छतावर पापड, एकेक मोजून गोल. एकावर टाकी. एकावर तीन पायांची खाट. एकावर सुकणारी लाल मिरची, तिला लाल पेन्सिल. घमापूर इतकं सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं. आणि या सगळ्यांमधून निळ्या रेघेनं वायर जात होती, या छतावरून त्या छतावर. एकाच छताला ती शिवत नव्हती. त्या छताला वळसा घालून, तीन छतं फिरून ती पुढे गेली होती. आत एक बल्ब काढला होता, त्याखाली मांडी घातलेला माणूस आणि कठड्यावर एक कप.

"हे कोणाचं?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"तुमचं."

"मधून काहून नाही नेली?"

"तिथं तू वाचतोस ना." ते हे अशा सुरात बोलले, की मी काहीतरी बावळट विचारलं आहे. "वायर छतावरून गेली की ते छत आपलं राहत नाही, बड्डे. आज मी चढीन, उद्या मिस्त्री चढेल. मॅच बंद पडली की सारा मोहल्ला चढेल. हजार छतं पाहिली मी. लोक पापड घालतात, भांडतात, पतंग उडवतात. वाचणारा एकच दिसला. तिथून कशी नेऊ?"

मी वहीकडे पाहत राहिलो. सदतिसावं पान डोळ्यांपुढे आलं.

"अन् तो कप?"

पुंडलिकभाऊंनी पत्र्याकडे पाहिलं. "मी दहावीत तीनदा बसलो. उन्हाळ्यात इथंच झोपायचो, छतावर. पहाटे जाग यायची. काकाजी कप घेऊन वर यायचे, ठेवायचे, चालले जायचे. मी चादरीतून पाहायचो. लई जळायचो मी तुझ्यावर, बड्डे. माझा बाप तर मले आठवतही नाही." मग एकदम म्हणाले, "चल, मॅच सुरू होऊन राहिली. वायर जोड."

फांदी हटवायला वेळ लागणार होता. जवळचा रस्ता एकच होता, आमच्या छतावरून. "आजच्या दिवस," पुंडलिकभाऊ म्हणाले. मी पापडवाल्यांच्या छतावरून वायर आमच्या छतावर ओढली आणि तिचं टोक टाकीवाल्यांकडच्या जोडाशी नेलं. बाबा खाली मिश्रांच्या दारात, टीव्ही दिसेल असे उभे राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "आलं काय?"

"नाही आलं!"

मी जोड फिरवला. "आता?"

"मुंग्या येऊन राहिल्या!"

पुन्हा फिरवला. मग पुन्हा. खाली सगळा मोहल्ला एका सुरात कण्हला. आणि बाबांचा आवाज आला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत:

"अरे गधा! होतं तेही घालवलं! उलटं फिरव, उलटं! बी. एस्सी. कशात झाला रे तू, गधा कुठला!"

मी उलटा फिरवला. खालून टाळ्या वाजल्या, चित्र स्वच्छ आलं होतं. मी तिथे उकिडवा बसलो होतो, हातात पक्कड होती. मग इकडेतिकडे कोणी पाहत नाही याची खात्री केली आणि जोड हळूच थोडा सैल केला.

"गधा!" बाबा ओरडले.

नंतर घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला वायर लागली तर नाही ना हाताला?" पण मला आता त्या 'तुम्ही'चं तितकं वाईट वाटलं नाही.

चौथ्या दिवशी पुंडलिकभाऊ लंगडत आमच्या छतावर आले आणि वायर गुंडाळू लागले. मी म्हणालो, "पुंडलिकभाऊ, राहू द्या. मी खरं सांगतो, मी इथे काही वाचत नाही. वायर इथूनच जाऊ द्या. आणि आम्हालाही एक कनेक्शन देऊन टाका. बाबांना रोज तुमचा जिना चढावा लागतो, त्यांचे गुडघे दुखतात."

ते वायर गुंडाळत राहिले. मग थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी छताकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुझ्या घरी आलं, बड्डे," ते म्हणाले, "तर काकाजी माझ्याकडे कायले येतील?"

मी वायरीचं दुसरं टोक उचललं. आम्ही दोघांनी मिळून ती पुन्हा गल्लीपलीकडे नेली, तीन छतांवरून फिरवली आणि टाकीवाल्यांकडे उतरवली. लांबचा रस्ता होता, संध्याकाळ झाली.

घरी सुनंदा दारातच उभी होती. "काय म्हणाले धोटे भैया? देतील का आपल्याला?"

बाबा टोपी घालत होते. पाच वाजून गेले होते, त्यांना उशीर झाला होता.

"नाही," मी म्हणालो. "आपल्या घरी सिग्नल येत नाही."

"पण तुम्हीच तर म्हणत होते, फिजिक्सप्रमाणे..."

"फिजिक्समध्ये येतो," मी म्हणालो. "घमापुरात नाही येत."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते धोट्यांकडे गेले. मी पुस्तक घेऊन छतावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं पापडवाल्यांच्या पलीकडून "अरे गधा!" ऐकू आलं आणि मागोमाग दोघांचं हसणं. मी ते संपेपर्यंत ऐकलं. मग सदतिसावं पान उलटलं.